मला आंबे आवडतात: बडोद्यातल्या एका स्पॅनिश वर्गाचं प्रकरण

पार्श्वभूमी

प्रकरण माझ्याच वर्गातलं आहे, तेव्हा त्रयस्थपणे लिहिण्याचा आव आणत नाही. मी बडोद्यातल्या एका कॉलेजात अर्धवेळ स्पॅनिश शिकवते. मुलीचं नाव देत नाही. दोन भावंडांत ती लहान, म्हणून इथे तिला धाकटी म्हणते. लिहिलेलं तिला वाचायला दिलं होतं. दोन ठिकाणी तिने मलाच दुरुस्त केलं.

धाकटी तेव्हा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होती. घर जुन्या शहरात, दांडिया बाजारच्या अंगाला. चार पिढ्या इथेच. घरात मराठी, गल्लीत गुजराती, शाळा दहावीपर्यंत गुजराती माध्यमाची. इंग्रजी वाचता यायचं, परीक्षेपुरतं लिहिता यायचं. समोरचा भराभर इंग्रजी बोलायला लागला की ती मान डोलवायची. त्या मान डोलवण्याचा अर्थ मला फार उशिरा कळला.

स्पॅनिशच का, तर वडिलांमुळे. २८ ऑक्टोबर २०२४ रोजी आपले पंतप्रधान आणि स्पेनचे पंतप्रधान पेद्रो सांचेझ यांनी बडोद्यात सी-२९५ विमानांच्या कारखान्याचं उद्घाटन केलं. एकूण ५६ विमानं. त्यातली १६ स्पेनमधल्या सेव्हिलहून तयार होऊन येणार होती आणि ४० इथे बनणार होती. वडील मकरपुऱ्यात एका कारखान्यात स्टोअर सांभाळतात. त्या संध्याकाळी जेवताना त्यांनी जाहीर केलं की पुढच्या वर्षी ऐच्छिक विषय स्पॅनिश घ्यायचा. विमान स्पेनचं, म्हणजे कारखान्यात स्पॅनिश बोलणारे लागणार, हा हिशेब मी त्या वर्षात बऱ्याच पालकांकडून ऐकला. तो अगदी चुकीचा नाही, पण मोठ्या घाईचा आहे. साठ तासांच्या वर्गात आपलं नाव, गाव, घरची माणसं, आवडीनिवडी, वेळ विचारणं आणि चहा मागणं इतपत येतं. दुभाष्याचं काम त्यापुढे काही वर्षांच्या अंतरावर असतं.

वर्ग चार क्रेडिटचा, म्हणजे साठ तासांचा. पाटीवर 'प्राथमिक'. जुलै २०२५ मध्ये ३२ मुलं बसली. पहिल्या दिवशी मी विचारलं, आधी कोणी स्पॅनिश केलंय का? अकरा हात वर आले. काही आंतरराष्ट्रीय शाळांतून आलेली, दोघांनी तर इन्स्तितुतो सेर्व्हान्तेस या स्पेनच्या सरकारी भाषासंस्थेची देले ही परीक्षा ए-वन, म्हणजे पहिल्या पातळीला दिलेली. मी "वा, छान" म्हटलं आणि फळ्याकडे वळले. या प्रकरणातली पहिली चूक तिथे झाली, पण तेव्हा ती मला चूक वाटली नाही. उलट उत्तरं देणारी मुलं वर्गात आहेत याचं बरंच वाटलं.

अडचण

पाचव्या आठवड्यात पहिली चाचणी झाली. गुण २०, पास व्हायला आठ. धाकटीला सात. ऐकण्यात पाचपैकी एक, शब्दसंग्रहात पाचपैकी तीन, व्याकरणात दहापैकी तीन.

ऐकण्याचं समजण्यासारखं होतं. शब्दसंग्रहातले दोन गुण मात्र माझ्यामुळे गेले. दुसऱ्या आठवड्यात मीच सगळ्यांना फोनवर एक फुकटचं अॅप घ्यायला सांगितलं होतं. ते अॅप लॅटिन अमेरिकेतलं स्पॅनिश शिकवतं आणि आमचं पुस्तक स्पेनचं. गाडीला अॅप म्हणतं 'कार्रो', पुस्तक म्हणतं 'कोचे'. संगणक तिकडे 'कोम्पुतादोरा', इकडे 'ओर्देनादोर'. व्याकरणातही तेच झालं. मित्रमंडळींना 'तुम्ही' म्हणायला स्पेनमध्ये 'वोसोत्रोस' आणि त्याचं वेगळं क्रियापद लागतं. लॅटिन अमेरिकेत तिथे सर्रास 'उस्तेदेस' चालतं. धाकटी रोज रात्री इमानाने अॅप करत होती, आणि तिथे बरोबर ठरलेलं उत्तर माझ्या पेपरात चूक ठरत होतं. तिने मेक्सिकोतल्या माणसाला सहज कळेल असं लिहिलं होतं. मी त्यावर लाल फुली मारली.

व्याकरणातली बाकीची चूक मात्र मला चक्रावून गेली. 'मला आंबे आवडतात' याचं स्पॅनिश तिने लिहिलं होतं 'यो गुस्तो लोस मांगोस'. हवं होतं 'मे गुस्तान लोस मांगोस'. ही चूक जगभरची इंग्रजीभाषक मुलं करतात, कारण इंग्रजीत आवडणाऱ्या माणसापासून वाक्य सुरू होतं आणि क्रियापद त्याच्याशी जुळतं. धाकटी तर मराठी. तिने ही चूक का करावी?

हा प्रश्न मला पेपर तपासताना पडला नाही, हेही लिहून ठेवते. पेपरावर मी 'नीट वाच' एवढाच शेरा मारला होता, तोसुद्धा इंग्रजीत.

पर्याय

विषय सोडण्याची शेवटची तारीख नेमकी गौरी-विसर्जनाची निघाली. त्याच्या आदल्या दिवशी तिच्या आईचा फोन आला. "मॅडम, घरी गौरी जेवायच्यात, मला निघता येत नाही. पण तुम्ही सांगाल तसं करू. हिचे बाबा सोडू देत नाहीत आणि ही दोन दिवस धड जेवलेली नाही."

आईची काळजी टक्क्यांची होती. एका ट्रस्टकडून धाकटीला शिष्यवृत्ती मिळते आणि त्यासाठी सरासरी साठाच्या वर राहावी लागते. स्पॅनिशमध्ये चाळीस-पंचेचाळीस पडले असते, तर बाकीच्या विषयांत कितीही ओढलं तरी धोका होता.

विषय सोडणं हा सगळ्यात सोपा रस्ता. पण त्या तारखेला दोनच ऐच्छिक विषयांत जागा उरली होती आणि त्यातल्या एकाची वेळ अकाउंटन्सीच्या तासावर येत होती. दुसऱ्या विषयाचे पाच आठवडे बुडालेले. पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून बसणं हा दुसरा रस्ता. तुकडी वर्षातून एकदाच निघते आणि पुढच्या वर्षी तिचं शेवटचं वर्ष असणार, म्हणजे ताण वाढणारच. बाहेरची ऑनलाइन शिकवणी महिना साडेतीन हजार मागत होती. वडील तयार होते, पण धाकटी नको म्हणाली. तिचं म्हणणं, "तीही इंग्रजीतच शिकवणार ना." मला ते तेव्हा निमित्त वाटलं होतं.

चौथा रस्ता म्हणजे विषय ठेवायचा आणि काठावर पास होण्यापुरतंच करायचं. तिच्या मोठ्या भावाने पुण्याहून फोन करून हेच सुचवलं होतं आणि मला त्यात काही कमीपणा दिसत नाही. आवडीने घेतलेला विषय काठावर सोडवणारी कितीतरी मुलं पुढे व्यवस्थित मार्गी लागतात.

मी आईला सांगितलं, विषय राहू द्या, मी आठवड्याला दोन जादा तास देते. ऐकायला उदार वाटतं. पण तोवर दोन मुलं वर्ग सोडून गेली होती. ३२ ची ३० झाली होती, आणि तिसाच्या खाली गेलं की पुढच्या वर्षी तुकडी मिळेलच असं नाही. माझा पगार तासांवर. सल्ला देताना हे माझ्या डोक्यात नव्हतं असं म्हणणं खोटं होईल. सल्ला निघाला बरा, ही गोष्ट वेगळी. असा सल्ला ज्याचा पगार त्या तुकडीवर अवलंबून नाही अशा माणसाने द्यायला हवा.

काय केलं

विसर्जनानंतरच्या गुरुवारी ती स्टाफरूममध्ये आली. पेपर समोर ठेवला. वर्गात आम्ही एकमेकींशी कधीच मराठीत बोललो नव्हतो. वर्ग इंग्रजीतून चालणारा, मुलं बहुतेक गुजराती, दोघींनीच मराठीत बोलणं बरं दिसत नाही असा माझा समज. स्टाफरूममध्ये दुसरं कोणी नव्हतं.

मी म्हटलं, "हे वाक्य मराठीत सांग."

"मला आंबे आवडतात."

"एकच आंबा असला तर?"

"मला आंबा आवडतो."

"मग क्रियापद कोणाप्रमाणे बदललं? तुझ्याप्रमाणे की आंब्याप्रमाणे?"

ती थोडा वेळ पेपराकडे बघत राहिली. "आंब्याप्रमाणे." मग पेन उचलून तिने 'मे' च्या खाली 'मला' लिहिलं, 'गुस्तान' च्या खाली 'आवडतात' लिहिलं आणि एकदम वैतागून म्हणाली, "मग हे वर्गात असं का नाही सांगितलंत?"

"वर्गात सगळे मराठी नाहीत."

"गुजरातीतही तसंच आहे ना मॅडम. मने केरी गमे छे."

माझ्याकडे याला उत्तर नव्हतं. तीस मुलांच्या वर्गात निदान चोवीस-पंचवीस जणांच्या घरी ही रचना रोज जेवणाच्या ताटावर वापरली जाते, आणि मी ती त्यांना 'आंबे मजला सुखवतात' अशा थाटाच्या अवघड इंग्रजीतून समजावत होते. मुलं आपल्या भाषेतून इंग्रजीत जात होती, इंग्रजीतून स्पॅनिशमध्ये, आणि पहिल्याच टप्प्यावर 'मला' चं 'मी' होत होतं.

त्या दिवसापासून जादा तास मराठीत सुरू झाले. घरचं सामान किती उपयोगी पडतं ते आम्ही एकेक करून तपासलं. मराठीत मी 'घर' पाहते पण 'आईला' पाहते. माणसापुढे 'ला' लागतो, वस्तूपुढे बहुधा नाही. स्पॅनिशमध्येही माणसाच्या आधी 'आ' लागतो आणि घराच्या आधी लागत नाही. इंग्रजी पुस्तकात याला अख्खं पान खर्ची घातलंय. तिला ते एका वाक्यात कळलं. 'चांगला मुलगा, चांगली मुलगी' करणाऱ्याला विशेषणाचं लिंग सांगावं लागत नाही. 'आमचा, आमची' सारखंच 'नुएस्त्रो, नुएस्त्रा'. कर्ता गाळून नुसतं क्रियापद बोलणं आपल्याला सवयीचं. तू आणि तुम्ही यांतला फरक तर आपण आईच्या पोटातूनच शिकून येतो. इतकंच की 'उस्तेद' ला क्रियापद 'तो, ती' चं एकवचनी लागतं, आणि आपण 'तुम्ही' ला अनेकवचनी लावतो. तिथे ती दोनदा घसरली, मग सावरली.

जिथे घरचं सामान कामाचं नव्हतं, तिथे तसं स्पष्ट सांगणं गरजेचं होतं. इंग्रजीतल्या 'द' सारखे स्पॅनिश नामाला चिकटून चालणारे 'एल' आणि 'ला' मराठीत नाहीत. 'जवळ असणं' दाखवणारं 'तेनेर' सारखं क्रियापदही नाही. आपल्याला भूक 'लागते', त्यांच्याकडे भूक 'असते'. हे पाठच करावं लागतं आणि तिने ते केलं.

वहीचा प्रश्न वेगळा होता. धाकटी प्रत्येक शब्दाचा उच्चार देवनागरीत लिहायची. वर्गात मी तिला सक्त मनाई केली होती. आता परवानगी दिली, आणि ऐकण्यात लगेच फरक पडला. कारण देवनागरीत स्पॅनिश कानाला लागतं तसं उतरतं. तिथला 'त' आपला दंत्य 'त' आहे, इंग्रजीसारखा 'ट' नाही. 'जे' या अक्षराचा उच्चार आपल्या 'ख' च्या जवळ जातो. 'पेरो' म्हणजे पण आणि 'पेर्रो' म्हणजे कुत्रा, हा फरक एका रफाराने दाखवता येतो. रोज दहा मिनिटं मी ध्वनिफीत लावायची, तिने ऐकू येईल ते देवनागरीत लिहायचं, मग दोघींनी मिळून शब्द तोडायचे. एकदा तिने लिहिलं 'लोसामिगोस'. त्याआधी ती 'सामिगोस' हा शब्द कोशात शोधून दमली होती. होतं 'लोस आमिगोस', म्हणजे मित्र. मी म्हटलं, ही संधीच आहे. संस्कृतात ती लिहून दाखवतात, हे लोक बोलताना करतात आणि लिहिताना सोडवून ठेवतात. पुढे अशा संधी ती स्वतःच पकडायला लागली.

किंमत लेखनात मोजावी लागली. स्पॅनिशमध्ये 'बी' आणि 'व्ही' यांचा उच्चार एकच आणि 'एच' मुका. वहीत सगळीकडे 'ब' असल्याने पेपरात 'बिबिर', म्हणजे राहणं, हा शब्द दोन्ही 'बी' घालून उतरला. नमस्काराच्या 'ओला' मधला 'एच' गायब झाला. माझी मनाई अगदीच निराधार नव्हती. देवनागरी वही चालेल, पण शेजारी रोमन रकाना हवाच, एवढं सुरुवातीलाच सांगितलं असतं तर काम झालं असतं. मी एका टोकावरून दुसऱ्या टोकाला गेले.

सेर आणि एस्तार

याबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण इथे मी तिला धडधडीत चुकीचं शिकवलं.

मराठीत एकच 'आहे'. स्पॅनिशमध्ये दोन क्रियापदं, सेर आणि एस्तार. बहुतेक पुस्तकं सुरुवातीला सांगतात की कायमचं ते सेर आणि तात्पुरतं ते एस्तार. हा नियम पहिल्याच आठवड्यात फसतो. माद्रिद स्पेनमध्ये कायमचं आहे, तरी तिथे एस्तार लागतं. मेलेल्या माणसालाही एस्तारच, आणि तो काही तात्पुरता मेलेला नसतो. म्हणून मी धाकटीसाठी सोपी युक्ती काढली. 'कोण, काय, कसा स्वभावाने' असा प्रश्न असेल तर सेर, 'कुठे' असा प्रश्न असेल तर एस्तार. आई डॉक्टर आहे, सेर. आई घरी आहे, एस्तार. तिला आवडली. मलाही आवडली. दुसऱ्या चाचणीत तिने त्यावर एकही गुण घालवला नाही. त्या चाचणीत तिला बारा मिळाले.

तोंडी परीक्षा दसऱ्यानंतर तीन दिवसांनी होती. बडोद्यात नवरात्र म्हणजे काय हे इथल्या माणसाला सांगायला नको. नऊ रात्री गरबा खेळून मुलीचा घसा पार बसला होता. बाहेरून आलेले परीक्षक होते, मी शेजारी बसले होते. त्यांनी विचारलं, तुला काय करायला आवडतं? धाकटी बसक्या आवाजात, पण न अडखळता म्हणाली, "मे गुस्ता बाईलार गरबा." माझा जीव भांड्यात पडला. परीक्षक हसले आणि पुढचा प्रश्न टाकला, गरबा कुठे असतो?

प्रश्नात त्यांनी सेर वापरलं होतं, कारण समारंभ, बैठक, लग्न, गरबा अशी घडणारी गोष्ट कुठे आहे हे सांगताना सेरच लागतं. घर, माणूस, शहर कुठे आहे म्हटलं तर एस्तार. धाकटीने 'कुठे' ऐकलं आणि माझी युक्ती वापरून ठामपणे 'एस्ता' म्हणाली. परीक्षकांनी कागदावर काहीतरी टिपलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहत होते.

बाहेर आल्यावर तिने विचारलं, "चुकलं का?" मी म्हटलं, "तुझं नाही."

निकाल

दोन चाचण्या मिळून १९, लेखी ४० पैकी २५, तोंडी २० पैकी ९. एकूण ५३. तोंडीत पास व्हायला आठ लागतात, म्हणजे तिथे काठावरच. लेखीतले चार-पाच गुण 'बी', 'व्ही' आणि मुक्या 'एच' ने खाल्ले. सत्राची सरासरी ६१ आली आणि शिष्यवृत्ती टिकली.

वडिलांना ५३ पटले नाहीत. आता हिने देले द्यावी, म्हणजे सगळं भरून निघेल, असं त्यांचं मत. मी घरी जाऊन समजावलं. त्या परीक्षेत वाचन-लेखनाचा एक गट आणि ऐकणं-बोलण्याचा दुसरा गट असतो. प्रत्येकी ५० गुण, आणि दोन्ही गटांत वेगवेगळे ३० मिळवावे लागतात. एका गटातले जास्तीचे गुण दुसऱ्याच्या कामी येत नाहीत. धाकटीचं बोलणं अजून तिथवर पोचलेलं नाही. वडील गप्प बसले. आईने चिवड्याची बशी पुढे केली. देले सध्या लांबणीवर.

दुसऱ्या पातळीच्या वर्गाला धाकटीने नाव घातलेलं नाही. तिला विचारलं तर म्हणते, बघू.

आज करायचं झालं तर

पहिल्या दिवशी वर आलेले अकरा हात मोजून सोडून दिले नसते. वेगळी तुकडी मिळणं कठीण, पण निदान चाचणीआधी नवख्या एकवीस जणांचा वेगळा सराव घेता आला असता. जाणकार मुलं वर्गात पटापट उत्तरं देत होती आणि मी वर्गाचा वेग त्यांच्यावरून ठरवत होते.

अॅप सुचवण्याआधी ते कुठल्या देशाचं स्पॅनिश शिकवतं ते पाहिलं असतं, किंवा पेपरात दोन्ही उत्तरं मान्य केली असती. दुसरं जास्त बरं. वीसेक देशांची राजभाषा असलेल्या भाषेत संगणकाला एकच नाव कसं असेल?

यंदाच्या जुलैत मी पहिल्याच आठवड्यात फळ्यावर तीन ओळी लिहिल्या. मला आंबे आवडतात. मने केरी गमे छे. मुझे आम पसंद हैं. त्यांच्याखाली 'मे गुस्तान लोस मांगोस'. वर्ग पाच मिनिटांत पुढे गेला. मागच्या बाकावरची एक बंगाली मुलगी तास संपल्यावर आली. म्हणाली, आमच्याकडे 'मला' आवडत नाही, 'माझं' चांगलं लागतं, 'आमार भालो लागे'. आणि आमच्या भाषेत लिंग नाही, मग आंबा तो की ती हे मी कशावरून ओळखू? तिला शुक्रवारी बोलावलंय. तोवर काय सांगायचं ते शोधते आहे.